वृत्ताची दखल

वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाला 'दखल' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. समजा, अमुक दवाखान्यात पाणी नाही अशी बातमी तुम्ही देता. दुसऱ्या दिवशी तिथे टँकर येतो, नाहीतर निदान येण्याचं कबूल करतो. तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर लाल पट्टीत मथळा झळकतो, 'आमच्या वृत्ताची दखल, रुग्णालयात अखेर पाणी'. सोबत टँकरचा फोटो आणि त्याच्यापुढे उभे राहिलेले चार हसरे मान्यवर. चौथ्या दिवशी टँकर येत नाही. पण तोवर विषय मिटलेला असतो. मिटलेल्या विषयावर पुन्हा लिहायचं म्हणजे आपल्याच पेपरला खोटं पाडायचं, आणि ते कुठल्या संपादकाला चालेल? माझी उभी हयात आरोग्यावर लिहिण्यात गेली, आणि त्यातली निम्मी घेतल्या गेलेल्या दखलींचा पाठलाग करण्यात.

हे काम मी मागून घेतलं नव्हतं. अमरावतीच्या एका दैनिकात मी रुजू झाले तेव्हा गुन्हे, राजकारण आणि बाजार समिती ही खाती पुरुषांनी आधीच वाटून घेतली होती. संपादक म्हणाले, "मॅडम, तुम्ही आरोग्य पाहा. त्यात विशेष काही नसतं." त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. आरोग्याच्या नावाखाली टेबलावर येऊन पडायची ती शिबिरांची पत्रकं. रक्तदान शिबिर, नेत्र तपासणी शिबिर, अध्यक्षांच्या वाढदिवसाचं मधुमेह शिबिर, आणि त्या मधुमेहाच्या शिबिरात केक कापतानाचा फोटो. एका सर्जनने मला एकदा रागावून फोन केला होता. मी त्यांच्या दवाखान्यातल्या कचऱ्यावर लिहिलं होतं म्हणून नव्हे, फोटोत त्यांचं तोंड हाराआड गेलं होतं म्हणून.

आई राहायची अकोल्याला, जठारपेठेत. तिला माझा धंदा कधी कळला नाही. शेजारपाजाऱ्यांना ती सांगायची, "पोरगी दवाखान्यात असते." हे सांगायला सोपं होतं. त्यामुळे मी घरी गेले की ओट्यावर लोक रिपोर्ट घेऊन बसलेले असायचे. ही शुगर जास्त आहे का पाहा, या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या का जेवून सांगा. मी डॉक्टर नाही असं म्हटलं की त्यांना वाटायचं, ही भाव खाते. पुढे मी दैनिकातली नोकरी सोडली आणि लोकांच्या आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात गेले. पेपरात बातम्या आणि एक सदर बाहेरून लिहीत राहिले. सरकारी योजना कागदावर कशा असतात आणि गावात कशा दिसतात, हे मुंबईच्या बैठकांत जाऊन सांगायचं, असं ते काम. आईला मी हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता तू नेमकी करून काय राहिली?" त्या बैठकांतून परतताना हा प्रश्न मला बरेचदा आठवायचा. तिथे चहा उत्तम असतो, उपमा गरम असतो, आणि शेवटी एक साहेब म्हणतात, "मॅडम, तुमचा मुद्दा आम्ही नोंदवून घेतला." पुढच्या वर्षी तोच मुद्दा, तोच उपमा.

धारणीकडच्या एका पाड्यावर तर मला एका म्हातारीने पुरतं गार केलं होतं. कुपोषणावर लिहायला गेले होते. जीपमधून उतरून पाठ सरळ करते आहे तोच ती बाजेवरून उठून पुढे आली. "पहले फोटू, का पहले पूछना?" तिने विचारलं. आमच्यासारखे इतके जण येऊन गेले होते, की पाहुण्यांना आधी काय लागतं एवढंच तिला ठरवायचं होतं. मी म्हटलं, फोटो नको. तर तिचा चेहरा पडला. फोटो काढणारे निदान लवकर जातात, असा तिचा अनुभव असावा.

तर सांगायची आहे ती एका दखलीची गोष्ट. गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही. नाव घेतलं तर पुन्हा कोणीतरी दखल घेईल.

अमरावतीच्या एका डायलिसिस केंद्रात मी बातमीसाठी गेले होते. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मशीनमधून गाळून घ्यावं लागतं. तालुक्यातालुक्यांतून माणसं त्यासाठी पहाटेची एसटी धरून शहरात येतात. तिथे एका खाटेवर हाताला नळ्या लावलेला एक पन्नाशीचा माणूस पडल्यापडल्या सिस्टरशी वाद घालत होता. वाद गादीवरून होता. हा गाद्या भरणारा. घराणंच पिंजाऱ्यांचं, बापजाद्यांपासून कापूस पिंजून गाद्या-रजया करणारं. सगळं गाव त्याला गादीवाला म्हणूनच ओळखायचं.

"ताई, लिवायचंच असन तं या गादीचं लिवा," तो मला म्हणाला. "रेक्झिनच्या आत काय भरलं हाय ते अल्लाले ठाऊक. चार घंटे मानूस याच्यावर झोपते. रक्त साफ होते, पाठ खराब होते."

मला तो आवडला. त्याचा नंबर मंगळवार आणि शुक्रवारचा. नंबर म्हणजे केंद्रातली ठरलेली पाळी, आणि ती मिळायला लोक महिनोनमहिने थांबतात. पहाटे निघायचं, दुपारभर मशीनवर, आणि संध्याकाळी हाताला पट्टी बांधून एसटीत उभं राहून परत. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही. मग आठवड्यात दुकान उघडायला उरतं काय? त्याची बायको सोबत असायची. ती माझ्याशी हिंदीत बोलायची, मला बाजी म्हणजे ताई म्हणायची. "बाजी, इनको समझाओ ना, पानी चोरी से पीते हैं." तो म्हणायचा, "पान्याची चोरी करनारा मी पयला चोर."

त्याच्याकडूनच मला कळलं, की त्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या मशीन येऊन पडल्या आहेत. घरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. मी पाहायला गेले. नवीकोरी खोली, पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवून तयार, खाटा, एसी, आणि मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात वाळलेल्या झेंडूचा हार. दसऱ्याला दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांबरोबर यांचीही पूजा झाली होती, हळदीकुंकवाची बोटं प्लास्टिकवर तशीच होती. मी डॉक्टरांना विचारलं, सुरू का नाही? ते म्हणाले, "उद्घाटन व्हायचं आहे. साहेबांची तारीख मिळत नाही."

"पण पूजा झाली की."

"पूजा चालते मॅडम. वापर नाही चालत."

असं उत्तर ऐकून पूर्वी मी हसले असते. त्या दिवशी मात्र माझं डोकं तापलं. एक माणूस या खोलीवरून पायी चालत स्टँडवर जातो, पहाटेच्या थंडीत एसटी धरतो, आणि इथे यंत्रं नवरीसारखी हळद लावून बसलेली. मी तसंच लिहिलं. बातमी चांगली लागली. गादीवाल्याचा उल्लेख होता. नाव नव्हतं, पण गावात गादी भरणारा आणि डायलिसिसला जाणारा दुसरा होता कोण?

मग चक्रं फिरली, आणि आमच्याकडे चक्रं फिरतात ती मांडवाच्या दिशेने. साहेबांची तारीख मिळाली. दवाखान्यासमोर मांडव पडला, शालीश्रीफळं आली, लाऊडस्पीकर आला. मशीन चालवायला टेक्निशियन लागतो आणि त्याची नेमणूकच झाली नव्हती, म्हणून अकोल्याहून एक जण त्या दिवसापुरता उसना आणला. आणि रुग्ण हवा म्हणून गादीवाल्याला निरोप गेला.

तो आंघोळ करून, इस्त्रीचा कुडता घालून आला होता. बायकोने नवी ओढणी घेतली होती. भाषणं झाली. फीत कापली. सगळी गर्दी चपलांसकट त्या खोलीत घुसली. त्याला खाटेवर झोपवलं, हातावर नळ्या ठेवल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. सुई टोचलीच नव्हती. अकोल्याच्या त्या पोराने बटण दाबलं, मशीनवरचे दिवे लागले, साहेबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि फोटोवाल्यांनी फोटो घेतले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्याला ती गंमत वाटत होती. लग्नात नवरदेवाला घोड्यावर बसवतात तसं आपल्याला बसवलं आहे, मिरवणूक संपली की खरा संसार सुरू होईल, एवढाच त्याचा हिशेब होता. मांडव उठला आणि टेक्निशियन अकोल्याच्या गाडीत बसला.

"नेमणूक कधी?" मी डॉक्टरांना विचारलं.

"ऑर्डर आली की."

"आणि ऑर्डर कधी?"

त्यांनी वर बोट दाखवलं. वर म्हणजे मंत्रालय की देव, ते मी विचारलं नाही.

गाडीतूनच मी संपादकांना फोन लावला. म्हटलं, दखल लावू नका. उद्घाटन झालं, उपचार कधी, असं विचारा. मशीन चाललेली नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"मॅडम, 'शुभ बोल नाऱ्या' म्हटलं की तुम्ही मांडवालाच आग लावता," ते म्हणाले. "तुमचीच बातमी, तुमचंच यश. अहो, आनंद घ्या की जरा. दखल आजच लागते, उद्या शिळी होते."

दुसऱ्या दिवशी दखल लागली. लाल पट्टी, पाच कॉलमांचा फोटो. गादीवाला खाटेवर, हातावर नळ्या, कपाळावर साहेबांचा हात. खाली ओळ, 'डायलिसिसचा लाभ घेताना पहिला रुग्ण'. या वेळी नावासकट. पेपरच्या अंकांवर गावात उड्या पडल्या. त्याला परतवाड्याच्या नातेवाइकांचे फोन आले. त्याने मलाही फोन केला. "ताई, फोटो झकास आला. फक्त गादी दिसून राहिली त्याच्यात, तिचीच शरम वाटते."

मंगळवारी तो नेहमीप्रमाणे अमरावतीला गेला. गावात सुरू होईपर्यंत इथलाच नंबर, हे त्याला न सांगता कळत होतं. केंद्रात पोचला तर त्याच्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. सिस्टर म्हणाली, "तुम्ही कसे काय आले? तुमचं तर गावातच सुरू झालं न?" आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर आमच्या पेपरचं कात्रण चिकटवलेलं होतं. त्या लोकांनाही आनंद झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इथला एक माणूस चांगल्या कारणाने कमी होत होता, मग थांबलेल्यांपैकी पहिल्याला तो नंबर देऊन टाकला. यात त्यांचं काय चुकलं? बातमी होती, नाव होतं, फोटो होता. माणूस खाटेवर झोपलेला दिसतो आहे, हातावर नळ्या आहेत. याहून वेगळा पुरावा काय असतो?

त्याने केंद्राच्या पायरीवरून मला फोन केला. मी म्हटलं, "तुम्ही भांडा. नंबर तुमचा आहे. मी येतेच."

"कोनासंग भांडू, ताई? माह्या खाटीवर एक लेकुरवाळी पोरगी हाय. झोपेल व्हती. तिची माय लेकरू घेऊन बाहेर बसली हाय. तिले उठवू का मी?"

 मला एवढंच कळलं, की आता त्याचं रक्त गाळणारं हक्काचं यंत्र जिल्ह्यात कुठेच नाही, आणि तो हे मला अगदी हळू आवाजात सांगतो आहे.

त्या दिवशी केंद्राच्या डॉक्टरांनी तातडीची बाब म्हणून संध्याकाळी उशिरा त्याला मशीनवर घेतलं. पण रोज तातडी कशी दाखवणार? मी त्यांना म्हटलं, ती बातमी खोटी आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच पेपरात आहे."

"मीच सांगते आहे न, की खोटी आहे."

"मग तसं छापून आणा."

मी तडक पेपरच्या कार्यालयात गेले. संपादकांनी चहा मागवला. आमच्याकडे कुठल्याही भांडणाआधी चहा मागवतात, त्याने निम्मं भांडण विरघळतं. माझं विरघळलं नाही. मी खुलासा मागितला, साधा चार ओळींचा. ते खरोखर गोंधळले. "दखलीचा खुलासा? असं कधी छापलंय कोणी? अहो, लोक म्हणतील काय?" मग त्यांनी तोडगा काढला. "असं करू, टेक्निशियनची ऑर्डर निघाली की पुन्हा एकदा दखल लावू. मोठी लावू." त्यांचं मन वाईट नव्हतं. ते मला मदतच करत होते. मी उठले तेव्हा चहा तसाच होता, आणि आवाज इतका चढला होता, की बाहेर बसलेले क्रीडा विभागाचे लोक उभे राहून पाहत होते.

गावच्या दवाखान्यात गेले तर तिथे निराळीच अडचण. मशीन सुरू झाल्याचं डॉक्टरांनी वर कळवून टाकलं होतं. "आता बंद आहे म्हणून कसं कळवू? विचारतील, सुरू होती ती बंद कशी पडली. चौकशी लागेल." म्हणजे जी मशीन कधी चाललीच नाही, ती बंद पडल्याचा ठपका कोणाला नको होता. मी तुमच्यापुढे उगाच उपहास करत नाही. हे संभाषण असंच झालं. मुंबईला फोन केले. एका ओळखीच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की त्यांच्या नोंदीप्रमाणे ते केंद्र कार्यरत आहे आणि रुग्ण समाधानी आहे. मी विचारलं, समाधानी कशावरून? ते म्हणाले, फोटोत हसतो आहे.

त्या मशीन पुढे बऱ्याच महिन्यांनी खरोखर सुरू झाल्या. त्या दिवशी मांडव नव्हता, हार नव्हता. टेक्निशियन म्हणून एक मुलगी रुजू झाली, तिने प्लास्टिक काढलं आणि कामाला लागली. पेपरात एक ओळही आली नाही. संपादक म्हणाले, ते तर आधीच सुरू झालंय न?

पण ते पुढचं. इकडे गादीवाल्याची दर खेपेची ओढाताण सुरू झाली होती. कधी खासगीत, कधी तातडीत, कधी एखादी पाळी चुकायचीच. पाळी चुकली की पाणी अंगात साचतं. पाय सुजतात, मग चेहरा, मग छातीत पाणी चढतं आणि माणूस आडवा होऊ शकत नाही. बसल्याबसल्या रात्र काढतो. जन्मभर लोकांच्या झोपेची सोय करणारा माणूस भिंतीला टेकून बसून राहायचा. त्याची बायको फोनवर आता माझ्याशी जेमतेम बोलायची. ती एकदाच म्हणाली, "बाजी, वो फोटो नहीं निकलता तो अच्छा था." मला तिचा राग आला नाही. मला सगळ्यांचा राग येत होता, पण तिचा नाही.

अकोल्याला एका संस्थेचं केंद्र होतं. त्याच्या गावाहून अकोटमार्गे तिथे जाता येत होतं. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे. फोन केला. ते नेहमीच्या स्पष्टपणे म्हणाले, "जागा नाही. आमच्याकडे जागा कशी होते ते तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतं. यातून कोणी बरं होऊन घरी जात नाही. एखाद्याला किडनी मिळते, ती लाखात एखाद्याला. बाकी जागा होते ती एकाच प्रकारे. या विषयावर मी टिपणं लिहिली होती, बैठकांत बोलले होते. त्यात मी 'क्षमतावाढ' असा शब्द वापरायचे.

आईची तब्येत बरी नव्हती म्हणून मी तेव्हा जठारपेठेतच होते. एका मंगळवारी दुपारी केंद्रातून फोन आला. "उद्यापासून आणा त्यांना. बुधवार-शनिवार, दुपारी दोनचा नंबर." मी जागच्या जागी ओरडले, "आई, नंबर लागला!" इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी घडलं होतं. मी गादीवाल्याला फोन लावायला घेतला, आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हंजे मागच्या गल्लीतल्या त्या पोस्टातल्या मास्तरांचाच असन. राती गेले ते, आज सकाळीच नेलं त्याइले. त्याच मशिनीवर जात व्हते ते, बुधवार-शनिवार."

माझा हात फोनवरच राहिला. मला झालेला आनंद मला नकोसा झाला, आणि तरी तो गेला नाही, हेही खरं सांगते.

बुधवारी गादीवाला आणि त्याची बायको दुपारी साडेबारालाच आले. तो ओळखू येत नव्हता. चेहरा फुगलेला, बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यायचा. मी त्यांना आधी घरी आणलं, आणि गप्पांच्या ओघात आईने त्याला सांगून टाकलं, नंबर कोणाचा आणि ते घर कुठे. तो लगेच उठला.

"मंग पयले तिथं जाऊ."

"कशाला?" मी म्हटलं. "भाई, तुमची अवस्था पाहा. आधी केंद्रात चला. भेटायला नंतर जाता येईल."

"त्या मानसाची जागा घेऊन राहिलो. घरच्याइले तोंड दाखवल्याबिगर कसा जाऊ?"

मी बायकोकडे पाहिलं. हा ऐकणार नाही, अशी तिने नुसती मान हलवली. दखलीपायी या माणसाचा जीव टांगणीला लागला होता, आणि आता तो भेटीपायी दोनचा नंबर घालवणार होता. मी चिडले, तसं म्हणालेही. पण तो पायात चपला अडकवत होता. सुजलेल्या पायांत त्या जात नव्हत्या, तर टाचा बाहेर ठेवूनच निघाला.

मागच्या गल्लीतलं छोटं घर. कोपऱ्यात समई तेवत होती, चटईवर दोन-चार बायका बसलेल्या. मास्तरांची बायको भिंतीला टेकून होती, साठीची, बारीक अंगाची. आई मला ओळखीला उपयोगी पडली. मी अमक्यांची मुलगी म्हटल्यावर तिने मान डोलावली. मग तिची नजर गादीवाल्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"तुमी... फोटोतले का?" तिने विचारलं. "पेपरात व्हते न तुमी, डायलिसिसच्या बातमीत?"

 ती बाकीच्या बायकांकडे वळून सांगू लागली. "आमच्या यायनं मले दाखवला व्हता यांचा फोटो. म्हने, पाह्य, यांच्या गावातच झाली सोय. एकाची झाली तं सगळ्यांचीच होईन म्हने हळूहळू. ते कात्रन त्याइनं फडताळात ठेवलं हाय." मग ती पुन्हा त्याच्याकडे वळली. "बरं हाय न भाऊ आता तुमचं? घरच्या घरी होते न?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, की बाई, ते सगळं खोटं होतं, सुईसुद्धा टोचली नव्हती. पण गादीवाल्याने माझ्याआधी उत्तर दिलं.

"हो ताई. लय सोय झाली. घरच्या घरी होते."

हे म्हणताना त्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. ती ऐकत होती आणि तिची नजर खाली गेली, त्याच्या पायांवर. चटईवर त्याने पाय दुमडायचा प्रयत्न केला होता, पण ते दुमडत नव्हते. असे पाय तिने किती वर्षं पाहिले, दाबले असतील.  मग तिने विचारलं, "कितीचा नंबर हाय तुमचा?"

या वेळी त्याच्याच्याने खोटं बोलवलं नाही. "दोनचा," तो म्हणाला.

 तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. आणि मग ती रागावली. खरोखर रागावली, घरच्या माणसावर रागवावं तशी.

"मंग इथं काहून बसले? उठा न बावा! पावने दोन झाले. उशीर झाला तं नंबर दुसऱ्याले देऊन टाकतेत ते."

त्याला उठता येईना. एका बाजूने बायकोने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. तोवर ती स्वतः दारात जाऊन ऑटोवाल्याला हाक मारत होती.